दुखेपर्यंत थांबण्याचे अर्थशास्त्र

रात्री आठ-साडेआठच्या सुमारास फैजपुरातील कोणत्याही औषधाच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहिले, तर एक गिऱ्हाईक हमखास दृष्टीस पडते. गालावर हात, बोलताना अर्धेच उघडणारे तोंड आणि मागणी एकच : ‘दाढदुखीवर काहीतरी द्या.’ दुकानदार पट्टीतून दोन-चार गोळ्या कापून देतो. हे गिऱ्हाईक कधी कापडाच्या दुकानातील नोकर असते, कधी शाळेतील शिक्षक, कधी केळीच्या कापणीवरून परतलेला मजूर. दातांच्या डॉक्टरचा पत्ता त्याला ठाऊक नसतो असे मुळीच नाही. उद्या-परवा जाऊन दाखवू, असे तो मनाशी ठरवतोही. पण सकाळी ठणका उतरतो आणि ठणक्याबरोबर तो संकल्पही उतरतो. कमावत्या वयाच्या माणसाचा खरा दंतवैद्य हा असा औषधाच्या दुकानाच्या फळीपलीकडे उभा असतो.

हे चित्र आपल्याच गावाचे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीनशे कोटी लोक, म्हणजे जवळजवळ निम्मी मानवजात, तोंडाच्या कोणत्या ना कोणत्या विकाराने ग्रस्त आहे. आपल्याकडे भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये राष्ट्रीय पाहणी केली, तेव्हा ३५ ते ४४ या वयोगटातील दर दहा जणांपैकी सुमारे आठ जणांच्या दातांना कीड लागल्याचे आढळले होते. हा वयोगट कोणता, याचा विचार केला पाहिजे. मुलांच्या शिक्षणाचा, आईवडिलांच्या औषधपाण्याचा आणि घराच्या हप्त्यांचा भार ज्यांच्या खांद्यावर असतो, तोच हा वर्ग. मग दहातील आठ जणांना ज्याची गरज आहे त्या दवाखान्याची पायरी हा वर्ग इतक्या क्वचित का चढतो?

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ‘अज्ञान’ असे दिले जाते आणि त्यावरचा उपाय म्हणून ‘प्रबोधन’ सुचवले जाते. शिबिरे भरतात, फलक लागतात, दात कसे घासावेत याची प्रात्यक्षिके होतात. त्यांचा उपयोग नाही असे कोणी म्हणणार नाही. तथापि दंतमंजनाची डबी वा पेस्टची नळी आज खेड्यातील घरातही पोहोचली आहे, आणि किडलेली दाढ आपोआप बरी होत नाही हे निरक्षर माणसालाही स्वानुभवाने कळते. सुशिक्षित प्राध्यापक, कारकून आणि शिक्षक जर दुखेपर्यंत थांबत असतील, तर दोष ज्ञानाच्या अभावावर ढकलून आपली सुटका होणार नाही. दवाखान्यात जाणे वा न जाणे हा एक हिशेब असतो, आणि त्या हिशेबातील आकडे माणसाने एकट्याने ठरवलेले नसतात.

एकाच खुर्चीच्या दोन किमती

दातांच्या दवाखान्यात जाण्याची किंमत केवळ डॉक्टरच्या फीएवढी नसते. तिचे तीन भाग पडतात : फी, वेळ आणि अनिश्चितता. फी दिसते म्हणून तिच्याविषयी तक्रार होते. उरलेल्या दोन भागांची चर्चा फारशी होत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. महाविद्यालयातील एक प्राध्यापक आणि केळीचे घड कापणारा एक मजूर, दोघांच्या दाढेत सारखीच कीड आहे. दाढ भरण्याची फी दोघांनाही पाचशे रुपये, जाण्यायेण्याचा खर्च शंभर रुपये. प्राध्यापक तास आटोपून दुपारी जातो. त्याच्या पगारातून काही कापले जात नाही. त्याला उपचार सहाशे रुपयांना पडतो. मजुराचा दिवस बुडतो. त्याची मजुरी चारशे रुपये धरली, तर त्याला तोच उपचार हजार रुपयांना पडतो. खुर्ची तीच, डॉक्टर तोच, दाढही तशीच. परंतु गरिबाला किंमत अधिक, आणि तीही अडीच दिवसांच्या कमाईएवढी. पुढे हीच दाढ नसेपर्यंत किडली आणि रूट कॅनलसाठी तीन खेपा पडल्या, तर फी तीन हजार धरली तरी बुडालेली मजुरी व प्रवास मिळून खर्च साडेचार हजारांवर जातो. अकरा दिवस राबावे, तेव्हा एक दाढ वाचते. मजूर दाढ वाचवण्याऐवजी ती काढून टाका म्हणतो, त्यामागे अडाणीपणा नाही. त्याने हिशेब बरोबर केलेला असतो. हिशेबाची मांडणीच त्याच्या विरुद्ध असते.

मायकेल ग्रॉसमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये आरोग्याकडे एक भांडवल म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. हे भांडवल राखण्यासाठी पैशाप्रमाणेच वेळही गुंतवावा लागतो, हा त्या विवेचनातील महत्त्वाचा भाग होय. ज्याच्यापाशी भरपगारी रजा आहे, त्याला ही गुंतवणूक जवळजवळ फुकट करता येते. ज्याच्यापाशी ती नाही, त्याला रोजचा घास बाजूला काढून करावी लागते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने कामगारांना वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा दिली खरी, पण लहान दुकाने त्या तरतुदीबाहेरच राहिली. शेतमजुराला तर रजा हा शब्दच परका. व्यापाऱ्याची गाडी ज्या दिवशी बागेपाशी उभी राहते, त्या दिवशी घड कापलेच पाहिजेत. दाढेच्या सवडीने केळी थांबत नाहीत. स्वतःचे छोटे दुकान चालवणाऱ्याची स्थितीही फारशी निराळी नाही. फळी बंद केली की गिऱ्हाईक शेजारी जाते आणि कदाचित कायमचेच जाते.

तिसरा भाग अनिश्चिततेचा. ताप आला तर साधारण किती खर्च येईल याचा अंदाज माणसाला असतो. दातांच्या दवाखान्यात शिरताना तो नसतो. एक दात दाखवायला जावे आणि चार दातांचा हिशेब हाती पडावा, ही धास्ती अनेकांना उंबरठ्यावरूनच परतवते. डॉक्टरने सुचवलेले उपचार खरोखर आवश्यक आहेत की नाहीत, हे रुग्णाला तपासून पाहता येत नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांहून वेगळा का, हे सांगताना या विषमतेवरच बोट ठेवले होते. जिथे ग्राहकाला मालाची पारख नसते, तिथे व्यवहार विश्वासावर चालतो. आणि विश्वास बसायला आधी जाणे-येणे असावे लागते. जो कधीच जात नाही त्याचा विश्वास बसत नाही, आणि विश्वास नाही म्हणून तो जात नाही.

चक्रवाढ व्याज

दाताच्या दुखण्याचा एक विशेष असा की, थांबण्याची किंमत त्यात झपाट्याने वाढत जाते. सुरुवातीची कीड वरच्या कठीण थरात असते, तेव्हा ती दुखत नाही. त्या वेळी काम थोडक्यात आणि थोड्या पैशांत होते. कीड आत नसेपर्यंत पोहोचली म्हणजे ठणका सुरू होतो आणि खर्च शेकड्यांतून हजारांत जातो. त्याही पुढे दाढ काढावी लागते, मग रिकाम्या जागेचा प्रश्न, शेजारचे दात कलण्याचा प्रश्न, अखेर कवळी. हिरड्यांचा रोग तर याहून मुकाट्याने चालतो. म्हणजे दुखणे ही रोगाची पहिली सूचना नसून बऱ्याच उशिरा आलेली नोटीस असते. सावकाराकडून घेतलेल्या कर्जाप्रमाणे आजचा वाचलेला दिवस उद्या चक्रवाढ व्याजाने फेडावा लागतो.

हे मी वर्गात शिकवतो आणि तरीही या व्याजातून माझी सुटका झाली नाही. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेत थंड पाणी लागू लागले, तेव्हा परीक्षा चालू होत्या. त्या आटोपल्यावर जाऊ असे ठरवले. परीक्षेनंतर उत्तरपत्रिका आल्या, उत्तरपत्रिकांनंतर प्रवेश, प्रवेशांनंतर घरातले लग्नकार्य. मी उजव्या बाजूने जेवायला शिकलो. असे दीड वर्ष गेले आणि एका रात्री लवंगेच्या तेलाचीही मात्रा चालेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दाढ पाहून एवढेच विचारले, ‘सर, वर्षापूर्वी का नाही आलात?’ माझ्यापाशी रजा होती, पैसे होते, दवाखानाही फार लांब नव्हता. दाढ मात्र राहिली नाही. तेव्हापासून मजुराच्या ‘निष्काळजीपणा’विषयी बोलताना माझी जीभ त्या रिकाम्या जागेकडे जाते आणि मी थोडा जपून बोलतो.

इतरांचा अनुभव

पैशाचा अडसर दूर केला तर माणसे येतात का? याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि दातांचे उपचार विनामूल्य झाले, तेव्हा दवाखान्यांत अशी रीघ लागली की सरकारचे सर्व अंदाज कोसळले. वर्षानुवर्षे तुंबलेली गरज एकदम बाहेर पडली होती. १९५१ मध्ये सरकारने कवळ्या व चष्मे यांवर आकार बसवायचे ठरवले, तेव्हा या सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. दातांच्या कवळीवरून मंत्री राजीनामा देतो, याचे आपल्याला आज हसू येईल. परंतु फी आकारली की सर्वांत आधी कोण माघारी वळते, हे बेव्हन यांना नेमके ठाऊक होते.

अमेरिकेत रँड या संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात निरनिराळ्या कुटुंबांना निरनिराळ्या विमा योजना देऊन मोठा प्रयोग केला. ज्यांना उपचार मोफत होते, त्यांनी दातांची सेवा अधिक घेतली. आणि पहिल्या वर्षी उसळलेली गर्दी पुढील वर्षी ओसरली. तुंबलेली कामे उरकल्यावर मागणी खाली येते, हा त्यातील बोध आपल्या अर्थखात्यांनी लक्षात घेण्यासारखा आहे. जपानमध्ये सार्वत्रिक विम्यात दातांचा समावेश १९६१ पासून आहे. १९८९ मध्ये तेथे ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ अशी मोहीम सुरू झाली. त्या वेळी हे ध्येय गाठणारे वृद्ध अगदी थोडे होते; २०१६ च्या पाहणीत ऐंशीच्या आसपासच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या तोंडात वीस वा अधिक दात आढळले. म्हातारपणी दात जायचेच, हा निसर्गनियम नव्हे हे यावरून सिद्ध होते.

आपल्याकडे मात्र सारी व्यवस्था माणूस रुग्णालयात दाखल होण्याची वाट पाहत बसते. २०१८ ची आयुष्मान भारत योजना आणि आपल्या राज्यातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आखलेल्या आहेत. खासगी आरोग्यविम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीही अपघात वगळता दातांची जबाबदारी सहसा घेत नाहीत. दाढ भरायला कोणी खाटेवर झोपत नाही; म्हणून ती विम्यात बसत नाही. शाळकरी मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे आणि त्यात दातांची तपासणीही आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली, मुलगा कमावू लागला, की त्याच्या तोंडात डोकावणारे कोणी उरत नाही.

भीती आणि घरातील क्रम

किंमत हे सर्वस्व आहे, असा माझा दावा नाही. भीती आहेच. यंत्राचा आवाज, सुई, लहानपणी कुणीतरी चिमट्याने ओढून काढलेला दात, या आठवणी चाळिशीतही पुसल्या जात नाहीत. वरची दाढ काढली की डोळ्यांची दृष्टी जाते, दात साफ केले की हलू लागतात, असे समज सुशिक्षित घरांतही टिकून आहेत. दातांचा आणि दृष्टीचा तसा संबंध नाही. दात सैल झालेले असतात ते हिरड्यांच्या रोगाने. वर्षानुवर्षांचे किटण त्यांना जणू लिंपून ठेवते आणि ते काढल्यावर खरी स्थिती उघडी पडते. जो अगदी अखेरच्या अवस्थेत जातो, त्याच्या वाट्याला वेदनाही अधिक येते. ती कहाणी तो चार जणांना सांगतो आणि चार जण आणखी घाबरतात. उशीर भीतीला जन्म देतो आणि भीती उशिराला.

स्त्रियांची कथा याहून अवघड. घरातील दुखण्यांचा एक अलिखित क्रम असतो : आधी मुले, मग वृद्ध, मग कर्ता पुरुष आणि शेवटी ती. नोकरी करणाऱ्या शिक्षिकेपाशी पगार आणि रजा दोन्ही असतात, पण ती रजा मुलाच्या तापासाठी राखून ठेवलेली असते. पहाटेपासून शेतात जाणाऱ्या बाईची दाढ मिश्रीच्या चिमटीवर थोपवली जाते, आणि ही तंबाखूची मिश्री दुखणे दाबता दाबता दुसरेच दुखणे पेरते.

येथे प्रश्न दाढेपुरता राहत नाही. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ माणसे धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होती. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पुड्या कोठे मिळतात हे कोणाला सांगावे लागत नाही. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे. तोंड पुरते न उघडणे, गालाच्या आत पांढरा चट्टा उमटणे, ही त्याच्या आधीची लक्षणे वेदना न देता येऊ शकतात. आरशात ती दिसत नाहीत. दिव्याखाली तोंड उघडून पाहणाऱ्या जाणकाराला दिसतात. जो दुखेपर्यंत थांबतो, त्याला ही संधी मिळत नाही. दाढ गेली तर माणूस एका बाजूने जेवतो. परंतु चट्टा पाहण्यास उशीर झाला तर घरातील कमावता माणूसच जातो.

किती वेळा जावे?

दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरकडे जा, असे आपण ऐकत आलो आहोत. या उपदेशाला शास्त्रीय आधार कितपत, असा प्रश्न ऑब्रे शायहॅम या दंतशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच विचारला होता. ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शनाने २००४ मध्ये प्रौढांसाठी सरसकट सहा महिन्यांचा नियम न ठेवता, ज्याच्या त्याच्या जोखमीनुसार तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे अंतर सुचवले. तंबाखू खाणारा, मधुमेही, हिरड्यांतून रक्त येणारा माणूस लवकर लवकर गेला पाहिजे; ज्याचे तोंड निरोगी आहे, त्याने वर्षा-दोन वर्षांतून एकदा दाखवले तरी पुष्कळ झाले. ही बाब मी मुद्दाम सांगतो. अवघड उपदेश ऐकून माणूस काहीच करीत नाही. वर्षातून एक अर्धा दिवस ही मागणी मात्र त्याला व त्याच्या मालकालाही झेपणारी आहे.

म्हणून उपायही या अर्ध्या दिवसाभोवती आखले पाहिजेत. पहिला उपाय वेळेचा. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. ठरावीक वर्गातील कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्यतपासणी मालकाच्या खर्चाने करण्याची तरतूद तिच्यात आहे. त्या तपासणीत रक्त व रक्तदाबाबरोबर तोंडाच्या तपासणीचाही स्पष्ट समावेश व्हावा. दुसरा उपाय दवाखान्याच्या वेळेचा. सरकारी रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग जेव्हा भरात असतात, नेमक्या त्याच तासांत मजूर शेतात आणि कारकून कचेरीत असतो. जेथे दंतशल्यचिकित्सकाचे पद आहे तेथे ते भरलेले असावे आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तो विभाग उघडा असावा. यासाठी नवी इमारत लागत नाही. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, पण यावल-रावेरच्या मजुराला ते दुसऱ्या जिल्ह्यात, दिवसभराच्या वाटेवर. अशा संस्थांची फिरती पथके केळीचा हंगाम पाहून गावोगाव आली, तर त्यांच्या विद्यार्थ्यांनाही शिकायला मिळेल.

तिसरा उपाय आपल्याच हाती आहे. खानदेशात पतसंस्था, सोसायट्या आणि शिक्षकांच्या संघटना यांची वाण नाही. लग्नासाठी, घरासाठी आपण या संस्थांतून कर्ज घेतो. सभासदांच्या वार्षिक तपासणीसाठी लहानसा निधी बाजूला काढून, परिसरातील दंतवैद्यांशी आधीच ठरलेले व फलकावर लावलेले दर मिळवणे या संस्थांना अशक्य नाही. दर आधी ठाऊक असला की उंबरठ्यावरची धास्ती अर्धी कमी होते.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले, ते आपल्या फैजपुरात. खेड्यातील माणसाने शहरात यावे अशी अपेक्षा न करता संस्थेनेच त्याच्यापर्यंत जावे, हा त्यामागचा विचार होता. आरोग्यसेवेच्या बाबतीत आपण तो अद्याप पुरता उचललेला नाही. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण दैवाला उद्देशून वापरतो. पण चणे मिळवण्याच्या धडपडीतच दात गमवावे लागत असतील, तर दोष दैवाचा नव्हे. रजेच्या नियमांचा, विम्याच्या अटींचा आणि दवाखान्याच्या वेळापत्रकाचा आहे. हे सारे माणसांनी केलेले आहे, माणसांना ते बदलता येईल. तोवर, ज्यांच्यापाशी रजा शिल्लक आहे अशा माझ्या व्यवसायबंधूंनी आणि भगिनींनी या परीक्षांच्या नंतर नव्हे, आधीच एक अर्धा दिवस काढावा. आणि आपल्या शाळेतील, महाविद्यालयातील शिपायाला, रोजंदारीवरच्या सफाई कामगारालाही तो अर्धा दिवस पगार न कापता मिळेल, एवढे पाहावे.